सोप्या पुस्तकांचा ताप

चित्रांची पुस्तकं वाचायला सोपी असतात, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची नावं मी वहीत टिपून ठेवली आहेत. पहिलं नाव सख्ख्या भाच्याचं आहे, दुसरं डोळ्यांच्या डॉक्टरांचं. मोतीबिंदू काढल्यावर ते म्हणाले, जाड कादंबऱ्या थोडे दिवस राहू द्या, काहीतरी हलकंफुलकं चाळा, चित्रांचं वगैरे. डॉक्टर माणूस चांगला आहे, पण कॉमिकचं पान त्यांनी कधी हातात धरलेलं नसावं. इंग्रजी कॉमिकमधली बहुतेक माणसं कॅपिटल अक्षरांत बोलतात. ही अक्षरं हातानं काढलेली असतात, किंवा तशी दिसावीत म्हणून कॉम्प्युटरकडून मुद्दाम वेडीवाकडी करून घेतलेली असतात. ती फुग्यात बसवायची असल्यामुळे फुगा जेवढा लहान तेवढी तीही लहान. शिवाय मधूनच दोन-तीन शब्द ठळक करायची अमेरिकन रीत आहे. ते कोणत्या नियमानं निवडतात ते मला उमगलेलं नाही. परिणाम असा, की पात्र नुसती कॉफी मागत असलं तरी तंटा करतंय असं वाटतं. डोळ्यांना विश्रांती मिळावी म्हणून मी भिंग विकत आणलं.

निवृत्तीपूर्वी मी लेखापरीक्षणाच्या खात्यात होतो. क्रमांक एकनंतर क्रमांक दोन यावा, मधला एखादा गाळला असेल तर त्याचा खुलासा जोडलेला असावा, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा राहिली आहे. या अपेक्षेनं मी गावातल्या एका बऱ्यापैकी दुकानात जाऊन बॅटमनचा पहिला भाग मागितला. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "कुठला पहिला?"

बॅटमन पहिल्यांदा छापला गेला 1939 साली, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात. म्हणजे सुरुवातच सत्ताविसाव्यापासून. आदल्या वर्षी आलेला सुपरमॅन निदान 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला, तेवढी शिस्त त्यानं पाळली. पुढं इतके लेखक झाले, इतकी समांतर विश्वं झाली, मेलेली इतकी माणसं परत आली, की प्रकाशकाचाच हिशेब जुळेना. म्हणून डीसी कंपनीनं 1985-86 मध्ये बारा अंकांची एक मोठी उलथापालथ छापली आणि सगळी विश्वं एकात विलीन केली. तरी खातं काही साफ होईना. मग 2011 साली कंपनीनं बावन्न मालिका एकदम क्रमांक एकपासून नव्यानं सुरू केल्या. 'ॲक्शन कॉमिक्स' तोवर नऊशेच्या पुढं गेलं होतं. तेही मुकाट्यानं एकवर आलं. काही वर्षांनी हजारावा अंक टप्प्यात आल्याचं कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं. लगोलग जुना क्रमांक परत चढवला आणि 2018 मध्ये हजारावा अंक थाटात काढला. आमच्या खात्यात हे कुणी केलं असतं तर त्याचं पेन्शन अडकलं असतं.

बॅटमनचा इतिहास म्हणजे वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा आहे. फेरफारावर फेरफार, मयतांची नावं अजून चढलेली, आणि मूळ मालक कोण ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. मालकाचा तंटा तर तिथं खरोखरच होता. कित्येक दशकं बॅटमनचा जनक म्हणून एकट्या बॉब केनचं नाव लागत होतं. त्याच्या बरोबरीनं काम केलेल्या बिल फिंगरचं नाव रीतसर चढायला 2015 साल उजाडलं. फिंगर 1974 मध्येच वारला होता.

"तुम्ही कुठूनही सुरू करा हो," असं म्हणून त्या मुलानं विषय संपवला. या सल्ल्याचा मला मनस्वी राग आहे. कुठूनही सुरू करा म्हणणारा माणूस स्वतः कुठून सुरू झाला ते कधी सांगत नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणतो, "आठवत नाही, घरात होतं." आमच्या घरात पंचांग होतं.

शेवटी भाच्यानं त्याच्या कपाटातलं 'वॉचमेन' काढून दिलं. म्हणजे आधी मला हात धुऊन यायला सांगितलं, मग दिलं. पुस्तक सपाट उघडायचं नाही, कणा मोडतो. पानाचा कोपरा दुमडायचा नाही. वाचताना शेंगदाणे खायचे नाहीत. याच मुलाला मी लहानपणी माझ्या 'स्वामी'च्या प्रतीवर बसून भात खाताना पाहिलेलं आहे, पण ते असो.

'वॉचमेन' 1986-87 मध्ये बारा अंकांत आलं. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, याबद्दल जाणकारांचं दुर्मीळ एकमत आहे. मुखवटे चढवून रात्री रस्त्यावर न्याय करत हिंडणाऱ्या मंडळींची जी जुनी अमेरिकन परंपरा आहे, तिची या पुस्तकात चिरफाड केलेली आहे. ज्याची चिरफाड चालली आहे त्याच्याशी माझी ओळखच नव्हती. तरी मी नेटानं वाचलं. पानावर तीन ओळींत नऊ चौकटी. मध्येच पेपरवाल्याच्या ठेल्याशेजारी बसून एक मुलगा चाच्यांचं कॉमिक वाचू लागतो. त्याच्या कॉमिकमधली वाक्यं आणि रस्त्यावरची बोलणी एकाच चौकटीत येतात, आणि कोणी कोणाला उत्तर देतंय ते वाचकानं निस्तरायचं. शेवटचा सोडून प्रत्येक भाग संपला की आत्मचरित्राची प्रकरणं, अहवाल, कात्रणं अशी बारीक टायपातली कागदपत्रं जोडलेली. कागदपत्रांबद्दल माझी तक्रार नाही. उलट पुस्तकातला तेवढाच भाग मला घरच्यासारखा वाटला.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा भाचा म्हणाला, "पाचव्या भागाची गंमत कळली ना?" मी म्हटलं, कसली? तर म्हणे तो भाग आरशातल्यासारखा रचला आहे. पहिल्या पानाच्या चौकटींची मांडणी शेवटच्या पानाला, दुसऱ्याची उपान्त्य पानाला, असं करत बरोबर मध्यावर दोन बाजू एकमेकींना भिडतात. ही माहिती पुस्तकाच्या सुरुवातीला छापायला काय हरकत होती, ते मला समजत नाही. मी पुस्तक पुन्हा घरी आणलं. पुन्हा हात धुवावे लागले.

दुकानांबद्दल थोडं. 'ग्राफिक नॉव्हेल' अशी पाटी असलेलं कपाट नेहमी दुकानाच्या पार मागं, रंगवायच्या वह्या आणि जिगसॉ पझलच्या मधोमध असतं. तिथं घटकाभर उभं राहायचं तर सोबत नातवंड लागतं. मला नातवंड नाही. कपाटातलं प्रत्येक पुस्तक प्लास्टिकमध्ये हवाबंद. ज्या पुस्तकात बघणं हाच मुख्य व्यवहार, ते न बघता विकत घ्यायचं. मागच्या बाजूला चार परदेशी वर्तमानपत्रांनी केलेली स्तुती असते, ती बघायला परवानगी आहे.

'माउस' अशाच कपाटात होतं. आर्ट स्पीगलमनच्या वडिलांनी ऑशविट्झमधून जीव कसा वाचवला, त्याची ती हकिकत. त्यात ज्यू माणसं उंदीर आहेत, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. 1992 साली तिला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. खास म्हणजे नेहमीच्या ठरीव विभागांबाहेरचा. मी गेलो तेव्हा एक बाई मुखपृष्ठावरचे उंदीर बघून ते पुस्तक उचलत होत्या. चिरंजीव बालवाडीतले असावेत. "ताई, हे नका घेऊ," मी म्हटलं. "का? इंग्लिश कठीण आहे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तेवढं सोपं उत्तर हाताशी असताना दुसरं कुठलं देणार?

पण त्या कपाटवाल्यालाही मी फार दोष देत नाही. 'माउस'चा दुसरा भाग 1991 मध्ये आला तेव्हा खुद्द 'न्यू यॉर्क टाइम्स'नं तो खपाच्या यादीत काल्पनिक साहित्यात घातला होता. स्पीगलमननं पत्र लिहून हरकत घेतली. वडिलांची छळछावणी काल्पनिक कशी, हा प्रश्न रास्त होता. टाइम्सनं पुस्तक सत्यकथनाच्या यादीत हलवलं. पुढं 2022 साली टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळानं ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलं; कारणांमध्ये शिव्या होत्या आणि एका उघड्या बाईचं चित्र होतं. लगेच खप धडाधड वाढला. आमच्याकडे कुणी काढून टाकलेलं नाही, त्यामुळे प्रत जिथल्या तिथं आहे.

आता पैशाकडे येतो. मी आठशे रुपये मोजून एक पुस्तक घेतलं, जेवणानंतर आडवा होऊन उघडलं आणि दुपारच्या चहाआधी ते संपलं. मिनिटाचा दर काढून मी भाच्याला फोन केला. अप्पा बळवंत चौकात तेवढ्या पैशांत महिनाभर पुरतील अशा जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या पिशवी भरून मिळतात, हेही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, तू चित्रं बघितलीस का?"

हा प्रश्न मला लागला. पुस्तक माझ्यासमोर उघडं होतं, चित्रं त्यातच होती, मोतीबिंदू निघालेला होता. मी फुगे ओळीनं वाचत गेलो. चित्रं आजूबाजूला असल्याची नोंद घेतली. बघणं म्हणजे याहून आणखी काय करायचं असतं? रविवारी तो स्वतः आला आणि त्यानं तेच पुस्तक, मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस', माझ्यासमोर पहिल्या पानावर उघडून ठेवलं. या वेळी चहाचा कप तीन फूट लांब ठेवण्यात आला.

पहिल्या चौकटीत एक दहा वर्षांची मुलगी आहे. साल 1980, जागा इराण. डोक्यावर काळा रुमाल, हातांची घडी, तोंड पाडलेलं. काळं म्हणजे ठार काळं आणि पांढरं म्हणजे कोरा कागद, मधली छटा नाही. शेजारच्या चौकटीत वर्गाचा फोटो. तशाच रुमालातल्या मुली ओळीनं बसलेल्या, त्यांची नावं डावीकडून उजवीकडं दिलेली. आणि आपण अगदी डाव्या कडेला असल्यामुळे या फोटोत दिसत नाही, असं ती मुलगी सांगते. फोटोची कड आणि चौकटीची रेघ एकच. त्या रेघेनं तिलाच छाटलंय. "बघ," भाचा म्हणाला, "स्वतःची गोष्ट सांगायला बसलीय, आणि दुसऱ्याच चित्रात सरकारनं तिला सगळ्यांसारखं करून टाकलंय, वर कडेला ढकललंय. हे तिनं कुठं लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. मी आधी ते पान किती वेळात उलटलं असेल याचा अंदाज केला आणि तो त्याला सांगितला नाही. पण माझा मुद्दा तसाच राहतो. सांगायचंय तर लिहावं. इतकं महत्त्वाचं बोलणं रेघेवर सोपवून लेखिका मोकळी झाली, आणि माझे आठशे रुपये मात्र तिनं पूर्ण घेतले.

या बाबतीत सगळ्यात हाताबाहेर गेलेला माणूस स्कॉट मॅक्लाउड. कॉमिक कसं वाचावं हे सांगणारं पुस्तक त्यानं 1993 मध्ये लिहिलं, तेही कॉमिकमध्येच. ज्याला कॉमिक वाचता येत नाही त्यानं कॉमिक वाचून कॉमिक वाचायला शिकायचं. त्याचं म्हणणं असं, की गोष्ट चौकटींत घडत नाही, दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडते. उदाहरण म्हणून त्यानं एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस दाखवलाय, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. वार दाखवलेलाच नाही. तो वार वाचकानं केला, कुठं आणि किती जोरानं ते ज्याच्या त्याच्या मनावर, असं हा गृहस्थ चित्रातून थेट माझ्याकडे बघत सांगतो. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. माझ्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा नाही. घरबसल्या, चष्मा लावून, खुनात सहभागी करून घेतल्याबद्दल मी लेखी निषेध करण्याच्या विचारात होतो. पण कोणत्या पानाचा संदर्भ द्यावा हा प्रश्न आला. या पुस्तकात निदान पृष्ठक्रमांक आहेत. पुष्कळ कॉमिकमध्ये तेही नसतात. चित्राच्या कोपऱ्यात आकडा आला तर शोभा जाते म्हणे. माणसानं कुठपर्यंत आलो हे मनातल्या मनात लक्षात ठेवायचं: तो लाल डगलेवाला पडतो त्याच्या पुढं, हिरवी बाई येते त्याच्या अलीकडं.

जपानी मांगाबद्दल लांबण लावत नाही. ती उजवीकडून डावीकडं वाचायची असते. इंग्रजी प्रत आपण सवयीनं उघडतो ते तिचं शेवटचं पान, आणि तिथं बहुधा सूचना असते, की थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं शिरताय. अशी एक प्रत मी हॉलमध्ये वाचत बसलो असताना सौ.नं दोनदा पुस्तक माझ्या हातून घेऊन सरळ करून दिलं आणि संध्याकाळी माझी साखर तपासली. पूर्वी इंग्रजी प्रकाशक परदेशी वाचकाची कीव करून सगळी चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी छापत. त्यात तलवारी भलत्या कमरेला जात आणि उजवे लोक डावरे होत, म्हणून जाणकारांनी आरडाओरडा करून ती सोय बंद पाडली. जाणकारांनी एखादी सोय चालू करून घेतल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. भाच्याच्या मुलीची आवडती 'वन पीस' 1997 पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झाले, अजून संपलेली नाही. माझं वय लक्षात घेऊन मी तिच्या वाटेला गेलेलो नाही.

"अरे मामा, पण तू तर लहानपणापासून कॉमिक्स वाचतोयस," असं भाचा मध्येच म्हणाला, आणि हे मला सगळ्यात झोंबलं. त्यानं मग हिशेबच मांडला. 1964 साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघालं. त्याच्या मराठी आवृत्तीतला वेताळ मी वाचायचो की नाही? वाचायचो. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो. 1967 मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' काढली. त्यातला राम वाईरकरांचा कृष्ण मला अजून दिसतो की नाही? दिसतो. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी तिथं देव आणि वीरपुरुष काढले, आणि पुढं हिंदीतला नागराजही त्यांनीच काढला. 1991 पासून 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू यायला लागला; मुख्य बातमीआधी तो कोण वाचायचं? आणि दिवाळीत मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ची खिडकी?

'आवाज'चं नाव काढल्यावर मी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पानाला एक चौकोन कापलेला असायचा, त्यातून पुढच्या पानावरच्या चित्राचा नेमका एक तुकडा दिसायचा. तेवढ्यावरून माणूस मनात काय ते समजून चुकायचा, मग पान उलटायचं, आणि तिथं एखादे काका निरागसपणे कलिंगड कापत असायचे. मधल्या क्षणी काय घडलं त्याला अंक जबाबदार नसायचा. मॅक्लाउडसाहेब जे 1993 मध्ये सांगत होते ते आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि त्यात कुणाचा खून होत नसे.

पण याला कॉमिक वाचणं म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आज मी नवखा म्हणून हात धुवायला उभा राहिलो नसतो. माझे 'इंद्रजाल'चे अंक आईनं दहावीच्या वर्षी किलोच्या भावानं रद्दीत घातले. त्यातलेच अंक आता लोक प्लास्टिकच्या पिशवीत, मागं पुठ्ठा लावून, कोपरा शाबूत असल्याची ग्वाही देऊन विकायला ठेवतात. किंमत विचारली की आधी तुम्ही खरे संग्राहक आहात का ते विचारतात.

आपल्याकडे ही परंपराच नाही, असं म्हणणाऱ्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन यावं. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी एकेका आख्यानाची चित्रांची पोथी बाळगतात. एकामागून एक चित्र उचलून समोर धरायचं आणि वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातला तो प्रसंग सांगायचा. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट अशी, की चित्र दाखवणारा माणूस स्वतः शेजारी बसून अर्थ सांगतो. ही सोय पुढं कुणी आणि का काढून घेतली?

भारतीय ग्राफिक कादंबऱ्यांकडे वळल्यावर ताप कमी होईल असं वाटलं होतं. 'भीमायन' घेतलं. 2011 मध्ये दिल्लीच्या 'नवयान'नं काढलेलं हे बाबासाहेबांचं चरित्र. चित्रं मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतले दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांनी चौकटींना साफ नकार दिला. गोष्ट पानभर नक्षीतून वाहत जाते. साध्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एवढं एक मला मनापासून पटलं. कोण कसा बोलतो ते वाक्य वाचायच्या आधीच कळतं. ही पद्धत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आणावी असं मी सुचवणार आहे. पण साताऱ्याहून निघालेला लहानगा भीम आणि सोबतची मुलं मसूरच्या स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर त्यांना गाडीवान मिळत नाही, पुढच्या वाटेवर कुणी पाणी देत नाही, आणि हे सगळं मला दुकानात मिळालेल्या प्रतीत इंग्रजीतून चाललेलं. मसूर आमच्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला विंचू इंग्रजीत डसताना मी पहिल्यांदा पाहिला.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनाचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आलं. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरून श्रीविद्या नटराजन यांनी लिहिलेलं, अपर्णा निनान यांनी नव्हे, अपराजिता निनान यांनी काढलेलं. हे नाव भाच्यानं माझ्याकडून दोनदा दुरुस्त करून घेतलं. 'गुलामगिरी' 1873 ची, पुण्याची, आणि आख्खी संवादात लिहिलेली. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. म्हणजे फुग्यांत घालायला तयार मजकूर आमच्या गावात इतकी वर्षं पडून होता. तो उचलला कुणी, तर दिल्लीच्या प्रकाशकानं, आणि केला इंग्रजीत. धोंडीबाला इंग्रजी येत होतं असा उल्लेख मला मूळ पुस्तकात सापडलेला नाही. आमच्याकडच्या मंडळींना हे का सुचलं नसावं असं एका ओळखीच्या संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, चित्रांचा खर्च फार येतो, शिवाय घेणार कोण, लहान मुलं फुले वाचत नाहीत. मी म्हटलं, मोठी माणसं? ते म्हणाले, मोठी माणसं चित्रं बघत नाहीत.

अमेरिकेनं मात्र मराठी मुलखाची दखल घेतली, आणि ती कशी? 2004 मध्ये स्पायडरमॅनची भारतीय आवृत्ती निघाली. नाव पवित्र प्रभाकर, काकांचं नाव भीम, काकूंचं माया, मैत्रीण मीरा जैन. राहणार मुंबई. हा मुलगा खाली धोतर नेसून उंच इमारतींवरून झोके घेतो. मी चारही अंक भिंगाखाली तपासले. कासोटा एकदाही सुटत नाही. धोतर नेसून निदान लोकलचा जिना चढलेला एक माणूस त्यांनी सल्लागार म्हणून घ्यायला हवा होता.

एवढा खर्च परवडेना म्हणून मी आमच्या वाचनालयात अर्ज दिला, की ही पुस्तकं मागवावीत. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, नोंद कुठल्या वर्गात करू? कथा, कादंबरी, चरित्र, प्रवास, धार्मिक, बालवाङ्मय असे त्यांच्याकडे वर्ग आहेत. मी 'माउस'चा आणि टाइम्सचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो आस्थेनं ऐकला आणि बालवाङ्मय असं लिहिलं. मागवायचीही गरज नाही म्हणाल्या, बालविभागात कुणीतरी दिलेला टिनटिनचा संच आहे, आधी तो वाचून घ्या. मात्र बालविभागाची पुस्तकं मोठ्यांच्या कार्डावर मिळत नाहीत. बालसभासदाचा वेगळा फॉर्म आहे, आणि त्यावर पालकाची सही लागते. भाच्यानं आनंदानं सही केली. नातं या रकान्यात त्यानं 'मामा' लिहिलं. कोण कोणाचा, हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही.

बालविभाग शनिवारी चार ते पाच उघडतो. एका वेळी एकच पुस्तक. मला 'डेस्टिनेशन मून' मिळालं. एर्जेनं 1950 च्या सुमारास, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या पुष्कळ आधी, टिनटिनला चंद्रावर धाडलं ती गोष्ट. मोठं पान, स्वच्छ रेघ, वाचता येण्याजोगे फुगे, कोपऱ्यात पृष्ठक्रमांक. तक्रारीला जागाच नाही म्हणून मी सावध झालो, आणि ते बरोबरच होतं. बासष्ट पानं अग्निबाण बांधण्यात जातात, शेवटी तो उडतो, आतली सगळी मंडळी बेशुद्ध पडतात, पृथ्वीवरून बिनतारी यंत्रावर हाका चालतात, उत्तर येत नाही, आणि पुस्तक संपतं. पुढचा भाग वेगळा. तो घ्यायला पुढच्या शनिवारी मी पावणेचारलाच जाऊन उभा राहिलो. पुढचा भाग एका चौथीतल्या मुलाकडे होता. त्यानं तो आधी नेला होता, कारण पहिला भाग माझ्याकडे होता.

"आजोबा, तुमचा वाचून झाला का?" त्यानं विचारलं. मी विचारलं, "तुझा?" त्याचाही झाला होता. अदलाबदल करू म्हटलं तर बाई म्हणाल्या, आज वाटपाचं रजिस्टर ऑडिटला गेलंय, नोंद करता येणार नाही, नोंदीशिवाय पुस्तक देता येणार नाही. ऑडिटचं कारण पुढं आल्यावर मला काही बोलता येईना. मुलगा म्हणाला, "मी सांगू का पुढं काय होतं?" मी स्पष्ट शब्दांत नको म्हणालो. तरी जिना उतरता उतरता त्यानं ओरडून सांगितलंच, की कुत्रा वाचतो.